शेजारच्या टार्गेटवरची गोळी

"या वयात पोटावर झोपून रायफल चालवणार? उठवायला क्रेन बोलवावी लागेल," दादा म्हणाला. वहिनी हसू दाबत स्वयंपाकघरात गेली.

"जड माणूस वाऱ्यानं हलत नाही," मी म्हटलं. मी शहरात बस चालवते. असले टोमणे रोज पहिल्या थांब्यापासून ऐकते.

बाबांनी जाताना त्यांची रायफल माझ्या नावे केली. दादाकडे स्वतःची नवीकोरी होती, तरी ही गोष्ट त्याच्या डोळ्यांत सलत होती. रायफल ठेवायची तर नेमबाजी क्लबचं सभासदत्व हवं, आणि सभासदत्वासाठी परीक्षा: सहाशे यार्डांवरून दहा गोळ्या, त्यातल्या आठ काळ्या गोलात. नापास झाले तर रायफल दादाकडे. त्यानं गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. बाबांच्या रायफलीला गिऱ्हाईक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

क्लबात नव्या माणसाला आधी टार्गेटखालच्या खंदकात बसवतात. वर गोळी लागली की टार्गेट खाली ओढायचं, आधीच्या भोकावर कागद चिकटवायचा, नव्यावर खूण लावायची आणि पुन्हा वर ढकलायचं. अख्खा हिवाळा मी हेच केलं. "डिंक छान लावतेस हं," दादा म्हणायचा. मला शिकवायला घड्याळकाका होते. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आता नवशिक्यांना दुरुस्त करतात.

"चाप ओढायचा नाही, दाबायचा," काका सांगायचे. "आणि त्याआधी टार्गेटखालचा नंबर वाच. दर वेळी वाच."

परीक्षेच्याच दिवशी क्लबची मासिक स्पर्धा होती. मला कडेचं सात नंबरचं टार्गेट मिळालं, शेजारी सहावर दादा. काका दुर्बीण लावून मागे बसले. पहिली गोळी भीतीनं बाहेर गेली. पुढच्या तीन आत. मग वाऱ्याचे झेंडे एकदम मलूल झाले आणि उलट्या दिशेला फडफडू लागले. मी डोकं वर काढून बघितलं, रायफलीवरची नेम जुळवायची चकती फिरवली, गाल पुन्हा दस्त्याला टेकवला आणि चाप दाबला. त्याच क्षणी दादानंही गोळी सोडली.

"छ्या, डावीकडे गेली," तो पुटपुटला.

माझं टार्गेट जागचं हललंच नाही. सहा नंबरचं खाली गेलं. वर आलं तेव्हा त्यावर दोन खुणा होत्या, एक डावीकडे पार काठावर आणि दुसरी बरोबर मधोमध.

झेंडा बघताना माझं कोपर सरकलं होतं, आणि नंबर वाचायला मी विसरले होते.

"सातला शून्य," काका हळूच म्हणाले. क्लबचा नियम असा, की एका टार्गेटवर दोन गोळ्या लागल्या तर ज्याचं टार्गेट त्याला त्यातली चांगली. म्हणजे माझी मधली दादाला.

"नियम म्हणजे नियम," दादा गालात हसला. "ऊठ आता. लोक बघतायत."

"बघू देत. नंबर चुकला माझा, नेम नाही चुकला."

आता उरलेल्या पाचही गोळ्या आत जायला हव्या होत्या. मी रागानं पुढची गोळी खाडकन आत सारली.

"राग बाजूला ठेव, पोरी," काका म्हणाले.

"नाही ठेवणार. राहू दे माझ्याजवळच."

मी टार्गेटखालचा नंबर वाचला, दादाला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "सात!" गोळी काळ्यात. "सात!" पुन्हा काळ्यात. मागची मंडळी हसायला लागली. चौथ्या खेपेला दादा वैतागला.

"मनात वाच ना!"

"नवशिकी आहे मी," मी म्हटलं, आणि तीही आत घातली.

शेवटच्या वेळी वारा काही ठरेना. मी थांबले. लोक कंटाळले, तरी मी थांबूनच राहिले. झेंडा स्थिरावला तेव्हा पुन्हा "सात!" म्हणून चाप दाबला. खूण आली ती काळ्याच्या अगदी कडेला. काकांनी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही.

"रेषेला शिवलीय," ते शेवटी म्हणाले. "आत धरायची. पास."

मी तिथेच पालथी पडून रडले. मग उठले, क्रेनशिवाय.

मासिक स्पर्धेचा कप दादालाच मिळाला, एका गुणानं. सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. बाहेर पडताना त्यानं बाबांच्या रायफलीकडे हात पुढे केला.

"आण, मी घेतो. जड आहे."

"तू कप धर," मी म्हटलं. "त्यात माझी एक गोळी आहे. जपून ने."