सातवी तुळई

प्रबंधाच्या जाहीर सादरीकरणाला घंटा वाजवायचं काम आमच्या विभागात माझ्याकडे आहे. पंचेचाळीस मिनिटं भाषण, पंधरा मिनिटं प्रश्न. चाळिसाव्या मिनिटाला एकदा, पंचेचाळिसाव्याला दोनदा, साठाव्याला तीनदा. तीनदा वाजली की अध्यक्ष उठून आभार मानतात आणि विषय संपतो, मग बोलणारा वाक्याच्या मध्यावर का असेना. मी प्राध्यापक नाही. स्थापत्य विभागाच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं तंत्रज्ञ आहे. पोरं लोखंड मोडतात आणि डॉक्टर होऊन जातात, मोडलेलं लोखंड मी उचलतो. घंटेला स्वतःचं मत नसतं, तसं मलाही, म्हणजे या नागुमोलाही नसावं अशी सगळ्यांची समजूत आहे, म्हणून ती माझ्याकडे.

यंदाच्या फेब्रुवारीत कुसाकाची पाळी होती. अठ्ठावीस वर्षांचा, काडीसारखा पोरगा. एक एप्रिलपासून पुलांची तपासणी करणाऱ्या कंपनीत त्याची नोकरी ठरली होती, अट एकच, मार्चमध्ये डॉक्टरेट हातात हवी. त्याच्या आईने नातेवाइकांना कळवूनही टाकलं होतं. प्रबंधाचं म्हणणं असं की गंजलेल्या पोलादी तुळईला एपॉक्सी लावून कार्बनचं कापड चिकटवलं तर ती पुन्हा नव्याइतकं वजन पेलते. हे त्याने सहा तुळयांवर सिद्ध केलं होतं.

खरं तर तुळया सात होत्या. चौथीचं कापड निम्म्याहून जरा जास्त वजनालाच सालासारखं सुटून आलं. त्याचे मार्गदर्शक तोकुनागा सर खाली आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "त्या दिवशी हवा दमट होती. एपॉक्सी नीट बसलं नसेल. ही सोडून द्या."

एपॉक्सी मी लावलं होतं. सातही तुळयांना, त्याच हाताने, त्याच जाडीचं, दर वेळी हवेतला दमटपणा मोजून आणि वहीत लिहून. कुसाका तेव्हा माझ्या शेजारी उभा होता. तो जमिनीकडे बघत राहिला. मीही मूग गिळून बसलो, सरांपुढे तंत्रज्ञ काय बोलणार. तुळई भंगारात गेली. पुढे दोन वर्षं कोणाचंही काही बिघडलं की पोरं एकमेकांना हळूच म्हणायची, नागुमोसानचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. हळू म्हणायची म्हणजे मला ऐकू येईल इतपत हळू.

आता आमच्याकडचं एक वाक्य सांगायला हवं. "मी या विषयातला नाही, अगदी बाळबोध प्रश्न आहे, माफ करा." ज्याला खरोखर काही कळत नाही तो हे म्हणत नाही, तो गप्प बसतो. हे म्हणणारा त्या विषयातला बाप असतो. तीन वर्षांपूर्वी एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी अशीच सुरुवात केली, आणि समोरच्या मुलीचा प्रबंध ज्या सूत्रावर उभा होता ते सूत्र त्यांनीच मांडलेलं निघालं. ती मुलगी आता बेकरी चालवते. पाव चांगला असतो.

कुसाकाच्या दिवशी बाहेर गुडघाभर बर्फ होतं. सभागृहात तिसऱ्या रांगेत इवासेसान येऊन बसले. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर त्यांचं कपडे धुण्याचं दुकान आहे, आता मुलगा बघतो. माझे कामाचे कपडे चाळीसएक वर्षांच्या त्या दुकानातच जातात, म्हणून मी त्यांना ओळखतो. फाटकावरच्या सूचनेत 'सर्वांना प्रवेश खुला' असं लिहिलेलं असतं आणि सभागृह ऊबदार असतं, त्यामुळे गेली सहा वर्षं ते दर फेब्रुवारीत येतात. वही आणतात. सूट घालतात, आणि धोब्याचाच सूट तो, त्याची घडी आमच्या कुठल्याही प्राध्यापकाच्या सुटाहून सरळ असते. दारात सगळे सर त्यांना वाकून नमस्कार करतात. यांना दुसऱ्या कोणीतरी बोलावलंय असं प्रत्येकाला वाटतं, आणि तुम्ही कोण असं विचारणं आमच्याकडे रीतीत बसत नाही. इतक्या वर्षांत त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता.

कुसाकाचं भाषण चांगलं झालं. बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या गोमी सरांनी तापमानाबद्दल विचारलं, त्याने पाठ केल्यासारखं उत्तर दिलं. आणखी दोन परीक्षक होते, त्यांनी विचारायचं म्हणून विचारलं. एकोणसाठ मिनिटं वीस सेकंद झाली. अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले होते. तेवढ्यात इवासेसाननी हात वर केला.

"मी या विषयातला नाही," ते उभे राहून म्हणाले, "अगदी बाळबोध प्रश्न आहे, माफ करा."

अध्यक्ष परत बसले. गोमी सरांनी लॅपटॉप मिटला. कुसाकाच्या तोंडचं पाणी पळालं, ते मला कोपऱ्यातून दिसलं.

"पहिल्या फोटोत तुळया ओळीनं ठेवल्यात. मी मोजल्या, सात भरल्या. शेवटच्या तक्त्यात सहाच आहेत. एक कुठं गेली?"

प्रश्न इतकाच होता, त्यात दुसरं काही नव्हतं. जन्मभर ज्याने कोट आणि पाटलोणी मोजून घेतल्या आणि मोजून दिल्या, तो दुसरं काय विचारणार. सात आले आणि सहा परत गेले तर गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं.

एक राखीव होती, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. इवासेसाननी मान डोलावून वहीत लिहून घेतलं असतं. पण कुसाकाला समोर धोबी दिसत नव्हता. ज्याने सगळं ओळखलंय असा कोणी थोर माणूस दिसत होता. तो माईक धरून नुसता उभा राहिला.

साठ मिनिटं झाली. घंटा माझ्या तळहाताखाली होती. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. तीन ठोके दिले असते तर तो पोरगा सुटला असता आणि मार्चमध्ये डॉक्टर झाला असता. मी घंटा वाजवली नाही. सत्यासाठी थांबलो असं सांगायला मला आवडेल, पण ते खरं नाही. मला राग होता, दोन वर्षांचा.

"आपल्या लक्षात आलंच आहे," कुसाका म्हणाला, आणि मग त्याने सगळं सांगितलं. तारीख सांगितली. किती वजनाला कापड सुटलं, कुठल्या टोकाकडून सुटलं तेही सांगितलं. "वगळायचा निर्णय माझा होता," असं शेवटी म्हणाला. तोकुनागा सर छतावरचा प्रोजेक्टर निरखत होते. तो बोलायचा थांबल्यावर मी तीनदा घंटा वाजवली.

"समजलं, आभारी आहे," इवासेसान म्हणाले आणि खाली बसले.

"मीही हेच विचारणार होतो," गोमी सर म्हणाले. उरलेले दोन परीक्षकही हेच विचारणार होते असं कळलं. हे कोणीतरी विचारेल म्हणून आपण केव्हापासून वाट पाहत होतो, असं तोकुनागा सरांनी सांगितलं.

दार बंद करून परीक्षक चाळीस मिनिटं बसले. निकाल असा लागला की आणखी तीन तुळया मोडायच्या, प्रबंध सुधारायचा, पदवी सप्टेंबरमध्ये. बाहेर बुटांचा बर्फ झटकत इवासेसाननी मला विचारलं, "मी काही वावगं बोललो का हो? पोरगा फार घाबरला." मी नाही म्हणालो.

कंपनीचं पत्र आठवड्याने आलं. फार अदबीचं होतं. जागा सप्टेंबरपर्यंत रिकामी ठेवता येत नाही, आपल्या पुढील यशासाठी आम्ही प्रार्थना करतो. कुसाकाने ते मला प्रयोगशाळेत उभ्याउभ्या वाचून दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

"नागुमोसान, ते सर कुठल्या विद्यापीठाचे? प्रबंधात त्यांचे आभार मानायचेत. नाव कोणालाच माहीत नाही."

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. "ते सर नाहीत," मी म्हणालो. "मागच्या फाटकासमोरचे इवासेसान. धुलाईचं दुकान."

त्याने खिशातलं पत्र पुन्हा चाचपलं. मग म्हणाला, "धोबी?"

"हो."

"म्हणजे मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"चाललं असतं."

"तुम्हाला माहीत होतं ते कोण आहेत."

"होतं."

"आणि वेळ तर संपली होती ना? मला घड्याळ दिसत होतं. मी घंटेची वाट बघत होतो."

"दोन मिनिटं दहा सेकंद वर झाली होती," मी म्हणालो.

"मग वेळेवर वाजवली का नाहीत?"

त्याच्याकडे बघवेना. पोराची नोकरी माझ्या हाताने गेली होती. माफी मागावी असं मनात होतं, तोंडातून भलतंच आलं. "एपॉक्सी मी नीट लावलं होतं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच म्हाताऱ्याचा वाटला.

कुसाकाने मान खाली घातली. "माहीत होतं मला," तो म्हणाला. "दमटपणाची तुमची वही मी त्याच दिवशी पाहिली होती. सरांना बोललो नाही."

गंजाची पावडर उडत होती म्हणून मी पंखा बंद केला. नवी तुळई घासून स्टँडवर तयार होती, एपॉक्सी कालवून झालं होतं आणि ते तासाभरात घट्ट होतं, थांबत नाही. कापडाच्या घड्या त्याने स्वतःच सोडून ठेवल्या होत्या. रोलरही हातमोज्यांशेजारी काढून ठेवला होता.

"या वेळी तूच लाव," मी म्हणालो. "म्हणजे कोणी काही म्हणायला नको."

त्याने रोलर उचलला, मूठ माझ्याकडे करून पुढे धरला आणि मी घेईपर्यंत तसाच धरून ठेवला.