गावभर वाटलेली शेपूट

माझ्या शेपटीच्या केसानं गुंजनच्या बोटावरच्या चामखिळी गेल्या. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही. आपण पुढे जाऊ.

मी देवळीच्या बसस्टँडवरचा एक जुना टांग्याचा घोडा आहे. आम्ही घोडे उभ्यानं झोपतो, त्यामुळे माझी बरीचशी नोकरी स्वप्नातच झाली. ऑटो आले, सवाऱ्या गेल्या, तरी माझ्यामागे गर्दी असेच. चामखिळीला घोड्याचा केस करकचून बांधला की ती गळते, अशी गावाची समजूत. संध्याकाळी पोरं माझा केस बांधलेले हात हलवत घरी निघाली, की मला वाटे, मीच गावभर शेपूट हलवतोय.

गुंजन नववीत होती. कबड्डीत बचाव करताना एकमेकींचे हात धरून साखळी करतात. कप्तान दामिनी म्हणाली, "चामखिळीचा हात मी नाई धरत. तू बाहेरच बस."

गुंजन बाहेर बसली. मग माझ्याकडे आली. माझा मालक टिकाराम म्हणाला, "घे व पोरी, त्याले झोपेत समजत नाई."

समजत होतं.

केस करकचून बांधलेलं बोट दोन-चार दिवसांत सुजून निळं पडलं. टिकाराम तिला आणि तिच्या आईला, देवकाबाईंना, घेऊन दवाखान्यात धावला. म्हणजे धावलो मी. डॉक्टरीणबाईंनी केस कापला. खिडकीतून ऐकू येत होतं.

"थोडक्यात बोट वाचलं. चामखिळी हे विषाणूचं काम. या वयात शरीर बहुधा आपणच त्याला हाकलतं. वर्ष-दोन वर्षं लागतात. कुरतडू नको, पट्टी लाव आणि खेळ."

"वाटच पाहाची होती तं घरीच नसती पाह्यली काय?" देवकाबाई म्हणाल्या.

"तिनं वाट पाहायची, तुम्ही तपासून घ्यायचं. याच्या भावकीतला एक विषाणू बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी वर्षानुवर्षं मुकाट बसतो. पुढं कॅन्सर होऊ शकतो."

"मी तं पोरीसंगं आलती."

"आल्याच आहात, तर या आत."

देवकाबाई पडद्याआड गेल्या. पुढं त्यांचा अहवाल चांगला आला.

मैदानावर गुंजननं पट्टी लावलेला हात पुढे केला. दामिनीनं पट्टी निरखली. "मनगट धरते," म्हणाली. साखळी लागली.

वर्ष उलटल्यावर चामखिळी आपोआप गेल्या. गाव म्हणालं, घोड्यानं घालवल्या. मग अल्लीपूरहूनही लोक येऊ लागले. मित्रांनो, केस बांधू नका आणि चामखिळीच्या हाताला बाहेर बसवू नका.

सबब माझा हा अर्ज: संबंधित खात्यास नम्र विनंती की, अर्जदाराची शेपूट औषधांतून वगळण्यात यावी, व शेपटीस केस न उरल्याने माशा हाकलण्यासाठी एक कायम शिपाई मंजूर व्हावा. शिपायास चामखिळी असल्यास अर्जदाराची हरकत नाही.