शेऱ्याच्या रकान्यातलं नाव

"मावशी, नाव सांगा पुन्हा. बराबर सांगा," धर्मराज म्हणाला.

"साळूबाई. दरसाली तेच सांगून राह्यले की मी," चांगुणाबाई म्हणाली.

जालन्याच्या जुन्या दप्तरखान्यात धर्मराज एकोणीस वर्षं संगणकावर बसत होता. खेड्यापाड्यांतली जन्म-मृत्यूची रजिस्टरं त्यानंच पानापानानं टाइप केली होती. आष्टीची चांगुणाबाई दर साली दिवाळी झाली की यायची. तिची थोरली बहीण जाफराबादकडं दिलेली. एकोणऐंशी साली ती सासरहून नाहीशी झाली. सासरचे म्हणाले, कुणाचा तरी हात धरून गेली. त्या एका वाक्यानंतर बापानं गावात मान वर केली नाही. चांगुणाबाई तेव्हा अकरा वर्षांची होती. आता तीच साठीला टेकली होती. आणि धर्मराज दर वेळी मयताच्या नावाच्या रकान्यात शोधून सांगायचा, "नोंद न्हाई, मावशी. जित्ती असंल कुठंतरी."

मागच्या आठवड्यात अंजू नावाची इंजिनिअर मुलगी संगणकावर शोधाची नवी सोय बसवून गेली होती. "काका, आता एकच चौकट. नाव, नवरा, गाव, खबर देणारा, शेरा, सगळ्या रकान्यांत एकदम शोधते ती."

धर्मराजनं 'साळूबाई' टाइप केलं. एकसष्ट नोंदी आल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यानं एकेक वाचली. एकही जुळली नाही. शेवटी 'नोंद आढळली नाही' असा दाखला तरी द्यावा म्हणून तो अर्जदाराचं नाव टाइप करू लागला. पण बोटं अजून शोधाच्या चौकटीतच चालली होती. 'चांगुणा' एवढंच उमटलं आणि खाली एक नोंद आली.

मृत्यू-रजिस्टर. ऑक्टोबर १९७९. जाफराबाद तालुका.

तो खुर्चीत पुढं सरकला. चांगुणाबाई समोर बसून पदरानं घाम पुसत होती.

"काय झालं, भाऊ?"

मयताच्या नावापुढं 'अनोळखी स्त्री' लिहिलं होतं. नाव शेऱ्यात होतं. त्यानं गावाचं नाव सांगितलं आणि हळू आवाजात वाचलं, "'विहिरीत मिळून आली. वय अंदाजे अठरा. डाव्या हातावर चांगुणा असे गोंदलेले. कमरेला गाठोडे, त्यात लहान मुलीच्या हिरव्या बांगड्या. वारस पुढे आला नाही. शिवारात पुरले.'"

ती रडली नाही. तिनं बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. सुरकुतलेल्या कातडीवर विटकी हिरवी अक्षरं होती. साळू.

"जत्रेत गोंदल्तं. माझ्या हातावर तिचं नाव, तिच्या हातावर माझं. आई लई बोलली मंग." तिनं बाही खाली ओढली आणि विचारलं, "लहान पोरीच्याच बांगड्या म्हन्ला ना?"

"व्हय."

"म्हंजे घरी येत व्हती ती. माझ्याकडं." मग तिचा आवाज बदलला. "सासर तिथनं दोन कोसावर. अन् कुणी ओळख दिली न्हाई."

नोंदीच्या तळाशी टाइप करणाऱ्याचं नाव होतं. धर्मराज. अकरा वर्षांपूर्वीची तारीख. त्याला त्या पानाचं काहीच आठवत नव्हतं.

"मावशी, हे मीच टाइप केल्तं. माझ्याच हातून गेल्तं, अन् मी तुम्हाला दरसाली..."

"तुम्हाला काय ठावं, भाऊ, ती माझ्या नावानं निजलीय."

रजिस्टरात नाव चढवायला कोर्टाचा हुकूम लागेल, साक्षीदार लागतील, असं त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "कागद ऱ्हाऊ द्या. जागा दावता का?"

रविवारी दोघं एसटीनं जाफराबादला आणि तिथून जीपनं नोंदीतल्या गावी गेले. शिवारात रूपाली नावाची एक बाई कापूस वेचत होती. धर्मराजनं जुन्या विहिरीचं विचारलं.

"चांगुणामायच्या दर्शनाला आलात का?" ती सहज म्हणाली.

दोघंही जागच्या जागी थांबले.

विहीर केव्हाच बुजवली होती. बांधाला बाभळीखाली एक दगड होता, शेंदरानं माखलेला. "कुणाची कोण, कुणालाच ठावं न्हाई," रूपाली सांगत होती. "हातावर नाव व्हतं म्हणं, तेच आमच्या आजेसासूनं ठेवलं. दर आवसेला निवद असतो. पोर रातीचं दचकलं की हिला हाक मारायची. बिलकुल ऐकती."

ती पाणी आणायला गेली तसा धर्मराज म्हणाला, "सांगू का तिला, खरं नाव काय ते?"

चांगुणाबाईनं दगडावरचा पाचोळा हातानं झाडला.

"नगं. पंचेचाळीस वर्सं त्याच नावाला ओ देऊन राह्यली ती."

मग ती गुडघ्यांवर बसली, दगडाशी वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "साळे."

ओ येईल की काय, म्हणून धर्मराज कान देऊन थांबला. वारा नव्हता. कापसाची बोंडं उन्हात पांढरी, निश्चल उभी होती.