वाऱ्याला लागलेली तहान

“लागला! लागला!”

गल्लीतल्या पाचही घरांत एकदम दिवे लागले आणि अंगणातली माणसं लहान पोरांसारखी ओरडली. वादळाला आठ दिवस झाले होते. ध्यानीमनी नसताना वारा सुटला आणि त्याने तासाभरात झाडं, पत्रे, तारा सगळं आडवं केलं. कोपऱ्यावरच्या खांबापाशी तार तुटली, तेव्हापासून ही पाच घरं अंधारात बसली होती. आणि आता कालच्यासारखेच वाराबाबांनी नुसते हात वर केले, तर उजेड!

हे वाराबाबा वादळानंतर कुठूनसे उगवलेले. बोलणं असं, की ऐकणाऱ्याने अक्कल गहाण टाकावी. “वारा तहानलाय, बाळांनो! घरटी बाटलीभर पेट्रोल आणा. धूप जाळा. टाळ्या वाजवा, हात थांबले की उजेड थांबला! आणि घरात दिवा एकच. हावरटपणा वाऱ्याला खपत नाही.” वारा पेट्रोल पितो, हे कुणाच्या बापाने तरी ऐकलं होतं का? पण आठ दिवस अंधारात काढले की माणूस काय वाटेल ते ऐकून घेतो.

गल्लीत कपडे शिवून देणारी शिंपीणबाई मागे उभी होती. तिचा नवरा वायरमन. त्याचा कामावरचा जोडीदार काल संध्याकाळी याच कोपऱ्यावरच्या खांबावरून झटका बसून पडला, हात भाजला, अजून शुद्धीवर नव्हता. बाबांनी लगेच सांगून टाकलं, “तारेत वारा बसलाय. हात लावेल त्याला फेकून देणार.”

“आज नका ना जाऊ,” तिने दुपारी नवऱ्याचा हात धरून सांगितलं होतं.

“अगं, दवाखान्याची लाइन तिथूनच पुढे जाते. टेस्टर लावल्याशिवाय हात घालतो का मी? घरोघर विचारलंय, जनरेटर कुणाकडेच नाही.” आणि तो गेला.

“वाजव गं टाळ्या,” सासूबाई म्हणाल्या. “वाऱ्याने तुझ्या नवऱ्याला फेकू नये, म्हणूनच चाललंय हे सगळं.”

तिने टाळीसाठी हात उचलले आणि तिची नजर स्वतःच्या खिडकीतल्या दिव्यावर गेली. दिवा लागलाय. म्हणजे तारेत वीज आहे. काल पहिल्यांदा दिवे लागले, तेव्हाच तर जोडीदार पडला! आणि आत्ता खांबावर...

“थांबा! टाळ्या थांबवा! माझा माणूस खांबावर आहे!”

“बाई, अनर्थ होईल!” बाबा गरजले.

तिने सासूबाईंचे दोन्ही हात गच्च धरले. शेजारच्या मास्तरीणबाई थांबल्या, मग एकेक करत सगळेच थांबले. शांततेत ऐकू आली धडधड. गल्लीतल्या फर्निचरच्या बंद कारखान्यातून. मालक तर गावाला गेलेला!

ती जिवाच्या आकांताने धावली. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत जनरेटर चालू होता आणि त्याची वायर सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसलेली. तिने इंजिनाचं बटण बंद केलं. पाचही दिवे विझले.

ती तशीच धावत कोपऱ्यावर पोचली. नवरा वर होता. हात तारेपासून वीतभर.

“काय गं? दोनदा टेस्टर लावला मघाशी. काही नव्हतं तारेत. आता जोडायलाच घेत होतो.”

ती खांबाला धरून हमसून हमसून रडली.

बाबा पळायच्या बेतात होते, पण लोकांनी त्यांना धरून ठेवलं होतं. वायरमनने सगळ्यांना कारखान्यात नेलं. “बाबांनी हात वर केले की त्यांचा कुणी चेला इथे मशीन चालू करून पळत असणार. ही वीज प्लगमधून उलटी खांबावर जात होती, तिथून तुमच्या घरात. मशीन लहान, म्हणून दिवा एकच. आवाज झाकायला टाळ्या, पेट्रोलचा वास झाकायला धूप.”

“आणि वाऱ्याची तहान?” कुणीतरी विचारलं.

वायरमनने जनरेटरच्या टाकीचं झाकण उघडून दाखवलं. कुणालाही हसू आलं नाही.

“काल मीही टाळ्या वाजवत होते,” शिंपीणबाई म्हणाली. “सगळ्यांपेक्षा जोरात. जोडीदार भाऊजी पडले, त्याचा आवाज त्या टाळ्यांतच गेला.” ती सगळ्यांकडे वळली. “उजेड दिसला की हात जोडायच्या आधी विचारत जा, हा येतो कुठून? एवढंच विचारा. कुणीतरी खांबावर असतं.”

सासूबाई स्वतःच्या लाल झालेल्या तळव्यांकडे बघत राहिल्या.