परत सांगा

वजनकाट्यावर चढण्याआधी रोशेलने बूट काढले, क्षणभर विचार केला आणि पुन्हा पायात घातले.

नर्सचं लक्ष होतं. "बूट काढा, बाई. मागच्या वेळीही काढले होते."

रोशेल अनवाणी पायांनी काट्यावर उभी राहिली. नर्सने आकडा पाहिला, कागदावरचा मागच्या महिन्याचा आकडा पाहिला आणि पेन टेकवण्याआधी पुन्हा एकदा काट्याकडे नजर टाकली. सातवा महिना लागला होता. वजन दोन पौंडांनी कमी भरलं होतं.

"भूक लागते ना?"

"लागते की."

"मग?"

रोशेल वाकून बुटांच्या नाड्या बांधू लागली. उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत कुठे आहे ते दिसत होतं, पण हात तिथवर पोचेना. नर्सने दंड धरून तिला खुर्चीत बसवलं आणि दार उघडून बाहेर हाक मारली, "रोशेल पिटमनबरोबर कोण आलंय?"

बाकावरून तिची सासू ओडेसा उठली. अंगात चर्चला जाताना घालायचा निळा ड्रेस, दोन्ही हातांत पोटाशी धरलेली पर्स. एरवी रोशेलला तिचा नवरा डेरिल घेऊन येई. पण भुईमूग काढणीचे दिवस होते. उपटून उलट्या टाकलेल्या वेलांच्या रांगा उन्हात वाळत होत्या, पावसाची बातमी होती, आणि डेरिल पहाटेपासून ट्रॅक्टरवर होता. चाळीस मैल गाडी चालवायला दुसरं कुणी नव्हतं. वाटेत सासूसुनेत तीन वाक्यं झाली होती. त्यातली दोन हवेबद्दल होती.

"डॉक्टर नंतर बघतील," नर्स म्हणाली. "आधी गॅस्किनसाहेबांकडे. खाण्यापिण्याचं ते बघतात. आणि मावशी, तुम्हीही आत जा. पुन्हा चक्कर आली तर धरायला कुणीतरी हवं."

गॅस्किन हा आडदांड माणूस पूर्वी सैन्यात स्वयंपाकी होता. टेबलापेक्षा तोच मोठा वाटत होता. टेबलावर प्लॅस्टिकचे खाद्यपदार्थ मांडलेले होते: भाताची वाटी, माशाचा तुकडा, अर्धं कापलेलं अंडं. रोशेलने खुर्ची जरा बाजूला सरकवली, अंडं नजरेसमोर येणार नाही अशी.

"काल दिवसभरात काय खाल्लंत?"

"नीट जेवले."

"नीट हा काही पदार्थ नाही," गॅस्किन हसत म्हणाला. "सकाळपासून सांगा."

"भात." रोशेल थांबली. "दुपारी उकडलेलं चिकन. नासपती. रात्री भात."

"दूध?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"पाव? चीज? मासे?"

मान हलतच राहिली. तिच्या शेजारी बसलेल्या ओडेसाने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट वळून पाहिलं. मनगटाकडे पाहिलं, गळ्याच्या हाडांकडे पाहिलं. डेरिलच्या पुढे ताट ठेवून रोशेल रोज सांगायची की माझं शाळेतच झालं. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करायची. तिथे कुणी विचारलं तर सांगायची, घरूनच खाऊन आले.

"तुम्हाला स्वतःला अॅलर्जी कशाची आहे?"

"मला नाही. माझ्या मुलीला आहे. ओपलला. पाच वर्षांची आहे. शेंगदाणा आणि अंडं."

"मग दूध का सोडलंत? पाव का?"

रोशेलने पोटावर हात ठेवला. "याला होऊ नये म्हणून."

ओपल अकरा महिन्यांची असताना रोशेलने बोटाला लागलेलं शेंगदाण्याचं लोणी तिला चाटवलं होतं. पाच मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, मग श्वासातून शिट्टी वाजायला लागली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत डेरिलने एकही लाल दिवा पाळला नव्हता. पोरगी वाचली. डॉक्टरांनी अशा वेळी औषधाची सुई कशी टोचायची ते शिकवलं, काय काय टाळायचं त्याची यादी दिली. हे का झालं, ते रोशेलने विचारलंच नाही. तिला ते माहीत होतं. ओपल पोटात असताना ती रोज शेंगा खायची. ओडेसा संध्याकाळी मिठाच्या पाण्यात उकडलेल्या गरम शेंगा कागदी पिशवीत घालून आणायची आणि रोशेल पायरीवर बसून पिशवी रिकामी करायची, टरफलं अंगणात भिरकावत. त्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ओडेसा धावत आली, तेव्हा रोशेल तिला एवढंच म्हणाली होती, "मिस ओडेसा, आता आमच्या घरी काही आणत जाऊ नका."

ओडेसाने तेव्हापासून सुनेच्या घरी सफरचंदसुद्धा आणलं नव्हतं. शनिवारी यायची. बाहेरच्या नळावर साबण लावून कोपरापर्यंत हात खसखसून धुवायची. ओसरीवरच्या खुर्चीत बसून नातीशी खेळायची आणि जायची. बोललेलं तिच्या मनाला लागलं आहे, हे रोशेलला कळत होतं. माफी कशी मागायची ते कळत नव्हतं, आणि चार वर्षांनी ते आणखीच अवघड होऊन बसलं होतं.

गॅस्किनने पेन खाली ठेवलं.

"घरात शेंगदाणा आणि अंडं नको, हे बरोबरच आहे. मुलीसाठी ते पाळायलाच हवं. पण बाकीचं? आईने पोटुशी असताना अमुक सोडलं म्हणून बाळाची अॅलर्जी टळते, असं काही दिसलेलं नाही. उपास मात्र बाळाला घडतो. तुमच्याबरोबर तेही उपाशी आहे."

"ओपलच्या वेळी मी रोज शेंगा खायचे." रोशेलचा आवाज चढला होता. "रोज. पिशवीभर."

"त्यामुळे झालं नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"का होतं, ते अजून पुरतं कुणालाच माहीत नाही. कुणी ठामपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण आईने शेंगा खाल्ल्या म्हणून झालं, असं म्हणायला काही आधार नाही. तुम्ही जे खाल्लंत, त्यात तुमचा दोष नव्हता."

असं कुणी कधी म्हणालं तर आपण ढसाढसा रडू, असं रोशेलला वाटायचं. पण डोळे कोरडेच राहिले. फक्त फार भूक लागल्यासारखं वाटलं.

"ते परत सांगा," ओडेसा म्हणाली.

गॅस्किनने आवाज वाढवला. "मी काय म्हणत होतो, मावशी—"

"ऐकू येतं मला. परत सांगा."

गॅस्किनने तिच्याकडे पाहिलं. मग खुर्ची तिच्या दिशेने वळवली आणि एकेक शब्द सुटा करत पुन्हा सांगितलं. ओडेसा त्याच्या ओठांकडे बघत राहिली. सांगून झालं तेव्हा तिने पर्स उघडली, आत काही शोधलं नाही, पुन्हा बंद केली.

"शेंगा मी द्यायचे," ती म्हणाली. "आमच्याच शेतातल्या. मीठ मी घालायचे."



"चांगल्या लागत असणार," गॅस्किन म्हणाला.

"चांगल्याच लागायच्या." ओडेसाने पर्सची कडी दाबली. "फार चांगल्या."

रोशेल सासूच्या हातांकडे बघत होती. त्यांवरची कातडी कोपरापासून बोटांपर्यंत पांढरट, रखरखीत झाली होती. इतकी वर्षं तिला वाटायचं, ते शेतातल्या मातीने झालंय.

डॉक्टरांनी बाळाचे ठोके ऐकले आणि दोन आठवड्यांनी पुन्हा यायला सांगितलं. गॅस्किनने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं: दूध, पाव, चवळी, पालेभाजी, रताळं, आठवड्यातून दोनदा मासे. कागद ओडेसाने घेतला आणि गाडी सुरू करण्याआधी एकदा वाचून काढला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काढणी चालू होती. ट्रॅक्टरमागे धुळीचे लोट उठत होते. पहिला लोट दिसताच ओडेसाने बटण दाबून चारही काचा वर केल्या. ओपल गाडीत नव्हती, तरीही.

"डेरिल म्हणतो, आमच्या घराजवळच्या तुकड्यात शेंगा छान येतील," रोशेल म्हणाली.

"येतील."

"मग दर वर्षी तिथे कापूसच का? तो चिडतो तुमच्यावर. जमीन खराब होते म्हणतो."

"चिडू दे. जमीन माझ्या नावावर आहे."

गाडी दुकानाच्या रस्त्याला लागली. मग ओडेसाने विचारलं, "काय खावंसं वाटतंय?"

"काहीही चालेल."

"काहीही हा पदार्थ नाही. ऐकलंस ना त्या माणसाचं?"

रोशेलला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, त्यामुळे ते जरा विचित्रच निघालं. "मासा," ती म्हणाली. "तळलेला. कुरकुरीत."

दुकानात ओडेसाने चष्मा लावला. सॅमन माशाचे तीन डबे घेतले, रताळी घेतली, दुधाचा कॅन घेतला. मक्याच्या पिठाचं एक पाकीट उचलून पाठीमागचा मजकूर शेवटपर्यंत वाचला, अगदी बारीक अक्षरांतला, बोट फिरवत, आणि पाकीट जागेवर ठेवलं.

"याच्या कारखान्यात शेंगदाणाही दळतात."

तिने दुसरं उचललं. तेच केलं. हे चालण्यासारखं होतं. तेलाच्या फळीपाशी तिचा हात सवयीने शेंगदाणा तेलाच्या पिवळ्या डब्याकडे जाईल असं रोशेलला वाटलं. तो सरळ मक्याच्या तेलाकडे गेला. दुकानात एरवी हे सगळं रोशेल करायची. आज ती ढकलगाडीला धरून नुसती मागे मागे चालत राहिली.

"तुम्हाला कसं कळतं यातलं एवढं?"

"चर्चच्या जेवणाला येते ना ओपल," ओडेसा पुढे बघत म्हणाली. "आधी जाऊन कुणीतरी बघायला नको?"

घरी आल्यावर रोशेलने स्वयंपाकघराचं दार उघडून धरलं. ओडेसा उंबऱ्याशी थांबली आणि अंगणातल्या नळाकडे वळली.

"आत या," रोशेल म्हणाली. "साबण आतही आहे."

ओडेसा आत आली. हात धुतले. कढई कुठे असते, तेल कशात ओततात, मीठ कुठल्या बरणीत, सगळं तिला विचारावं लागलं. मुलाच्या घरात चूल कुठे आहे एवढंच तिला माहीत होतं. रोशेलला तिने खुर्चीवरून उठू दिलं नाही, हातात दुधाचा पेला दिला आणि तो संपेपर्यंत मध्ये मध्ये वळून पाहत राहिली.

रताळी उकडली. तिने ती सोलून काट्याने मऊ केली, त्यात मासा कुस्करून घातला, कांदा, पीठ, मीठ, मिरपूड. मग हातावर टिक्क्या थापू लागली.

"अंड्याशिवाय मिळून येतात?" रोशेलने विचारलं. लग्नाआधी तिची आई अशाच टिक्क्या करायची आणि त्यात दोन अंडी असायचीच.

"रताळ्याने येतात. फार ओलं नको. पहिल्या वर्षी सगळ्या तेलात फुटायच्या. नुसता गाळ व्हायचा."

"पहिल्या वर्षी?"

"तीन वर्षं करतेय."

"कुणासाठी?"

ओडेसाने टिक्की तेलात सोडली. बुडबुड्यांचा आवाज झाला. ती शांतपणे कडा तांबूस व्हायची वाट बघत उभी राहिली.

"आधी जमायला तर हव्यात," ती म्हणाली.

 तीन वर्षं पलीकडच्या आपल्या घरात, एकटीच्या स्वयंपाकघरात, ओडेसा ही टिक्की थापत होती, तळत होती, एकटीच खात होती, आणि शनिवारी रिकाम्या हातांनी इकडे येत होती. ताटलीत पहिली टिक्की पडली. रोशेलने ती निवायचीही वाट पाहिली नाही. जीभ भाजली. दुसरी घेतली. तिसरी खाताना पोटात बाळाने जोरात लाथ मारली आणि ती "अगं आई" म्हणून हसली.

"काय झालं?" ओडेसा झारा हातात घेऊनच वळली.

"काही नाही. यालाही आवडली."

सव्वातीनला शाळेची बस थांबली. ओपल दार ढकलून आत आली ती नाकाने वास घेतच. आजीला स्वयंपाकघरात बघून ती जागीच उभी राहिली, मग ताटलीकडे बघितलं. धावली मात्र नाही. काहीही तोंडात घालण्याआधी काय करायचं, हे तिला बोलता येण्याआधीपासून शिकवलेलं होतं. ती आईजवळ आली आणि तिच्या बाहीला धरून हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, हे मला चालतं?"

रोशेलच्या तोंडात घास होता. तिने तो गिळला.

"मला नको विचारू," ती म्हणाली. "आजीला विचार."

ओपलने वळून वर पाहिलं. ओडेसाने गॅस बंद केला. हात पुसले. गुडघ्यावर हात टेकत, कष्टाने, ती नातीच्या उंचीइतकी खाली वाकली आणि एकेक बोट दुमडत सांगायला लागली, काय काय घातलंय ते. मासा. रताळं. मक्याचं पीठ. कांदा. ओपल तिच्या बोटांकडे बघत शेवटपर्यंत ऐकत होती, आणि ओडेसाने काहीही वगळलं नाही, मीठसुद्धा.