तपकिरी चिमटा

"झाकण बंद नको, उघडं पाहिजे," हर्बर्ट म्हणाला. "आणि त्यातून बिली कमरेपर्यंत वर आलेला. हातात चहाचा मग."

"उघड्या झाकणातून पाणी आत जाईल, हर्बर्ट. दोन वळणं घेतलीत की बोट तळाला." क्लिफर्ड थर्टलने मान वर केली नाही. त्याच्यासमोर जुन्या टॉवेलवर राखाडी गनबोट पालथी पडली होती आणि तो तिच्या फुटलेल्या पुढच्या टोकावर पॉलिशपेपर घासत होता. "अकरा वर्षं खपून बांधलीत. तेव्हा झाकण बंदच ठेवलंत ना?"

"तेव्हा ठेवलं. आता लीड्सला चाललोय. आता उघडतो."

क्लिफर्डने पेपर खाली ठेवला.

हर्बर्ट कॅचपोल लढाईत अशाच एका गनबोटीच्या इंजिनखोलीत होता. खाली भट्टीसारखी धग असायची, म्हणून दोघे मेकॅनिक, तो आणि बिली, पाळीपाळीने दहा मिनिटे वर येऊन हवा खात. एका पहाटे पाळी हर्बर्टची होती. बिली म्हणाला, आधी मी जातो, चहा गार होतोय. चहा गार झाला नाही, बिली झाला. एवढी गोष्ट हर्बर्टने वीस वर्षांत एकदाच सांगितली होती, आणि क्लिफर्डने ती दुसऱ्यांदा विचारली नव्हती.

ही बोट तिचीच हुबेहूब प्रतिकृती, तीन फूट लांब, अंगावर नंबर ९१७. लोस्टॉफ्टच्या तळ्यावर रेडिओने बोटी चालवणारे सगळे तिला नंबरानेच ओळखत. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी हर्बर्टचे हात थरथरले आणि ती हातातून सुटून काठावरच्या काँक्रीटवर पडून तळ्यात गेली. पुढचे टोक फुटले, आतला रेडिओ भिजून मेला. सहा महिने ती त्याच्या पलंगाखाली पडून होती. आता त्याची मुलगी मॉरीन त्याला कायमचे लीड्सला नेणार होती, सामानाची गाडी सोमवारी येणार होती. रविवारी तळ्यावरचा हंगाम सुरू होणार होता. म्हणजे हर्बर्टच्या हाती एकच रविवार होता.

"एकदा चालवायचीय," तो म्हणाला. "स्वतःच्या हातांनी. मॉरीन म्हणते, तुमच्या हातांत आता कपसुद्धा राहत नाही. तिच्यासमोर चालवायचीय."

क्लिफर्ड बस डेपोत चौतीस वर्षे वायरिंग करून निवृत्त झालेला माणूस. तोंडाने तो कोणाचे समाधान करू शकत नसे, हाताने करायचा. त्याने झाकणाच्या जागी खाली पक्के सील केलेली पट्टी बसवली आणि वरून काळा रंग दिला, म्हणजे उघडे भोक वाटावे आणि थेंबभर पाणी आत जाऊ नये. शिशाचा एक खेळण्यातला सैनिक कमरेत कापला, बंदूक कानशीने उडवली, मुठीत एक मणी चिकटवला. झाला बिली. मेलेला रेडिओ काढून त्याने कपाटातला आपला जास्तीचा संच बसवला. हर्बर्टच्या हातातला ट्रान्समीटर जुनाच राहिला, फक्त त्यातला तपकिरी क्रिस्टल, म्हणजे रेडिओची लहर ठरवणारा खडा, काढून नव्या संचाच्या जोडीचा पिवळा घातला. शनिवारी संध्याकाळी न्हाणीघरातल्या टबात बोट सोडून पाहिली. सुकाणू डावीकडे, उजवीकडे, दोन्ही पंखे चोख. बाहेरून बायको ओरडली, "मी अंघोळ कधी करायची? युद्ध संपल्यावर?"

*

आता तळ्यावरच्या चिमट्यांविषयी सांगायला हवे, कारण क्लिफर्डची सगळी अब्रू त्या चिमट्यांना टांगलेली होती.

एका रंगाच्या क्रिस्टलचे दोन ट्रान्समीटर एकाच वेळी चालू झाले, की पाण्यातल्या बोटीला कोणाचे ऐकावे ते कळत नाही आणि ती वेड्यासारखी सुटते. म्हणून तळ्याकाठच्या शेडच्या दारावर एक फळी असे, आणि फळीवर सहा रंगांचे सहा कपड्यांचे चिमटे. आपल्या रंगाचा चिमटा काढायचा, ट्रान्समीटरच्या एरियलला लावायचा, मगच बटण दाबायचे. फळीवर तुमच्या रंगाचा चिमटा नसेल तर गुपचूप बाकावर बसायचे. हा कायदा एकोणीस वर्षे क्लिफर्डने सांभाळला होता. येईल त्याला तो विचारी, "कुठला रंग?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय दारातून हलत नसे. चर्चच्या पाद्रीबाबांनाही त्याने एकदा बिनचिमट्याचे म्हणून घरी पाठवले होते. दोन वर्षांपूर्वी डेनिस खाटकाने विसरून बटण दाबले आणि कोणाची तरी आगबोट बुडाली, तेव्हा क्लिफर्डने त्याला महिनाभर तळ्यावर बंदी घातली. तेव्हापासून डेनिस त्याला 'मास्तर' म्हणे, आणि ते कौतुकाने नव्हे.

रविवारी हर्बर्ट कोट-टाय घालून आला. मागून मॉरीन, हातात शाल.

"बाबा, पंधरा मिनिटं हं. वारा आहे."

"पंधरा मिनिटांत आम्ही खाडी ओलांडायचो," हर्बर्ट म्हणाला.

क्लिफर्डने पायऱ्यांवर बसून ९१७ पाण्यात सोडली. फळीपाशी गेला, ९१७ चा चिमटा काढला, हर्बर्टच्या एरियलला लावला. इतक्या वर्षांत त्याने हे किती वेळा केले असेल, देव जाणे. हात आपोआप गेला आणि आपोआप परत आला.

"चला, हर्बर्ट. सावकाश."

बोट निघाली. हर्बर्टचे अंगठे थरथरत होते, पण दांडीवर टेकले की शांत होत. ९१७ ने लांबलचक वळण घेतले, मागे पांढरा फेस उठला, आणि उघड्या झाकणातून बिली मग धरून सगळ्या तळ्याकडे बघत निघाला. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. मॉरीनने शाल घडी करून मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदाच बापाच्या हातांऐवजी पाण्याकडे पाहिले.

तेवढ्यात बोटीला झटका बसला.

ती जागच्या जागी फिरली, थांबली, पुन्हा फिरली, आणि मग पूर्ण वेगाने समोरच्या दगडी भिंतीकडे सुटली.

"डावीकडे! डावीकडे घ्या!" क्लिफर्ड ओरडला.

"घेतोय रे! ऐकत नाहीये!" हर्बर्टने दांडी शेवटपर्यंत दाबली होती. "ऐकत नाहीये, क्लिफ!"

"कोणी बटण दाबलं? सगळे बंद करा! बंद करा!"

शेडच्या कोपऱ्यावर डेनिस उभा होता. त्याची टगबोट अजून बाकावरच होती आणि तिचा पंखा हवेत गरगरत होता. त्याने घाबरून बटण बंद केले. पण ९१७ भिंतीला भिडली होती. लाकूड फुटल्याचा आवाज या काठापर्यंत आला.

"परत तूच!" क्लिफर्डचा चेहरा लालबुंद झाला होता. "दोन वर्षांत काय शिकलास? बिनचिमट्याचा आलास ना परत? आयुष्यात एकदा त्या माणसाला—"

डेनिसने एरियल पुढे केली. तिच्यावर पिवळा चिमटा होता.

क्लिफर्ड त्या चिमट्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वळवली. हर्बर्टच्या एरियलवर तपकिरी चिमटा होता. आत पिवळा क्रिस्टल होता, त्याने स्वतःच्या हाताने बसवलेला.

हर्बर्टने ट्रान्समीटर बाकावर ठेवला. "संपलं," तो मुलीला म्हणाला. "तू म्हणत होतीस तेच खरं. हात गेले माझे. चल."

"असू दे, बाबा." मॉरीनने शाल उघडली.

क्रिस्टल आत असतो, बाहेरून दिसत नाही. मुकाट्याने घरी नेऊन तपकिरी परत घातला असता, तर जन्मात कोणाला कळले नसते. थोडे खापर हर्बर्टच्या हातांवर फुटले असते, थोडे डेनिसवर. क्लिफर्डच्या मनात हे आले. आले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. चिमटा काढून खिशात घालायला त्याचा हात अर्धा पुढे गेलाही होता. पण हर्बर्ट शालीत गुंडाळला जात होता, आणि त्याने मुलीच्या दंडाचा आधार घेतला होता. सकाळी येताना त्याने तो घेतला नव्हता.

"थांबा," क्लिफर्ड म्हणाला. दोन पावले पुढे झाला आणि पुन्हा म्हणाला, "हर्बर्ट, थांबा. चूक तुमच्या हातांची नाही. माझ्या हातांची आहे. नवा क्रिस्टल पिवळा आहे, आणि मी सवयीने तपकिरी चिमटा लावला. डेनिसचं काही चुकलं नाही. बोट मी फोडली."

"चोराच्या उलट्या बोंबा, मास्तर," डेनिस म्हणाला. दोन वर्षे राखून ठेवलेले बोलणे ते, पण तोंडातून निघेपर्यंत त्यातली सगळी मिरची गेली होती. त्याने पिवळा चिमटा काढला, जाऊन हर्बर्टच्या एरियलला लावला आणि ट्रान्समीटर म्हाताऱ्याच्या हातात दिला. "घ्या, काका. मी बसतो बाकावर. तुमचं होईपर्यंत."

हर्बर्टने मुलीकडे पाहिले. तिने शाल काढून घेतली.

क्लिफर्ड भिंतीकडून बोट घेऊन आला. टोक पुन्हा फुटले होते, पण भोक पाण्याच्या रेषेच्या वर होते. त्यावर वायरमनची काळी टेप गुंडाळून बोट परत सोडली. अर्ध्या वेगाने, टोक किंचित वर ठेवून, हर्बर्टने तिच्या तीन फेऱ्या काढल्या. तिसऱ्या फेरीला ती पायऱ्यांवर अशी आणून लावली, की मॉरीनने नुसता हात पुढे केला आणि ती हातात आली.

क्लिफर्डने हे पाहिले ते गुडघाभर पाण्यातून. पँट वर न करताच तो भिंतीपाशी उतरला होता आणि गाळात हात घालून चाचपत होता. डेकवर बिली नव्हता. काळ्या भोकात फक्त गोंदाचा डाग उरला होता.

"बाहेर ये," काठावरून हर्बर्ट म्हणाला. "राहू दे रे त्याला. त्याला पाण्याची सवय आहे."

क्लिफर्ड आणखी थोडा वेळ शोधत राहिला. मग बाहेर आला, फळी दारावरून उतरवली आणि डेनिसच्या हातात दिली. डेनिस नको नको म्हणाला. क्लिफर्डने ऐकले नाही.

*

लीड्सच्या फ्लॅटमध्ये पाणी म्हणजे स्वयंपाकघरातले सिंक. हर्बर्टने ९१७ क्लिफर्डकडेच ठेवली.

पुढच्या रविवारी नवे टोक लावून, झाकण तसेच उघडे ठेवून क्लिफर्ड ती घेऊन आला. फळीपुढे दोघे उभे होते. तो तिसरा उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा डेनिसने त्याच्याकडे पाहिले. ९१७ चा रंग कुठला हे आता तळ्यावरच्या बदकांनाही माहीत होते.

तरी त्याने विचारले, "कुठला रंग?"

क्लिफर्डने बोट खाली ठेवली. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून ट्रान्समीटरचे मागचे झाकण उघडले, चष्मा वर करून आतला क्रिस्टल नीट बघितला, झाकण परत लावले.

"पिवळा," तो म्हणाला, आणि हात पुढे केला.