शेजारची खोली

खंडूने साक्षीच्या कागदावरच्या एका ओळीवर अंगठा ठेवला आणि मान वर केली.

"हे शेजारच्या खोलीचं कुणी लिहिलं?"

"वकीलबाईंनी," फैजान म्हणाला. "मीच तसं सांगितलं. तू शेजारच्या खोलीत असशील, असं. चुकलंय का?"

 खंडूच्या अंगठ्याचा राखाडी ठसा ओळीवर उमटला होता. त्याने कागद खाटेवर ठेवला, खिडकीतली चिंधी घेतली आणि तिच्यावर बाटलीतून थोडं थिनर ओतलं. लोखंडाला लावायचा रंग पाण्याने निघत नाही. वास पडवीभर पसरला तसा फैजान खाटेवर मागे सरकला, पाठ भिंतीला लागेपर्यंत. खंडूने ते पाहिलं. चिंधी मुठीत धरून तो अंगणात उतरला आणि तिथे हात पुसू लागला.

खोडदच्या त्या पडवीतून रेडिओ दुर्बिणीच्या दोन डिश दिसत. एकेकाळी दोघे मिळून त्यांचे सांगाडे खरवडत आणि रंगवत. ठेकेदाराची माणसं सकाळी कुंपणाच्या आत जाताना फोन बंद करून टाकत, कारण आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरींत फोनची लुडबुड चालत नाही. गावात हे शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं. पुण्यातल्या एका बाजारात स्फोट होऊन माणसं मेली, त्या दिवशीही फैजानचा फोन सकाळपासून बंद होता. थोडे दिवस आधी तो त्याच बाजारात आईच्या गादीकामासाठी कापड आणायला गेला होता. तपास पथकाने या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या. खटल्यात वर्षं गेली. शेवटी न्यायाधीशांसमोर कुंपणावरच्या 'फोन बंद ठेवा' या पाटीचा फोटो ठेवला गेला आणि तो सुटला.

आता त्याने पथकातल्या अधिकाऱ्यांविरुद्ध कोठडीतल्या छळाची तक्रार केली होती. डॉक्टरी कागदांवर एकही जखम नव्हती. साक्षीला उरला होता एकटा खंडू. त्यालाही तेव्हाच उचललं होतं आणि लवकर सोडून दिलं होतं.

"आधी सही घ्या," जुन्नरहून निघताना भेटलेल्या वकील उज्ज्वलाबाईंनी बजावलं होतं. "नावाचं नंतर बोला. खरं तर बोलूच नका."

खंडूची बायको अंजना चहा घेऊन आली.

"घ्या पावणं. तिकडं आत चहा तरी मिळायचा का?"

"चहा म्हणायचे त्याला."

"धरलं तवा पेपरात केवढा फोटो व्हता तुमचा! सुटला तवा एवढीशी बातमी. बियाणाच्या जाहिरातीखाली. ह्यांनी बोट ठेवून दाखवली म्हणून दिसली."

"फोटो चांगला आला होता," फैजान म्हणाला. "अम्मी म्हणते, स्थळांना तोच पाठवू."

अंजना हसली. मग त्याने कप दोन्ही तळव्यांत दाबून उचललेला तिने पाहिला. त्याच्या बोटांत चिमटीचा जोर उरला नव्हता. हसू आवरून ती आत गेली.

तेवढ्यात फैजानच्या छातीवरच्या खिशातला फोन वाजला.

"हां अम्मी. खंडूके घरपेच हूं. चालू है, फोन चालूच है."

सुटल्यापासून तो फोन एकदाही बंद झाला नव्हता. चार्ज करायची बॅटरी दुसऱ्या खिशात असे.

खंडू परत येऊन खाटेच्या कडेला बसला. त्याने कागद आणि पेन घेतलं.

"थांब," फैजान म्हणाला. "सही करायच्या आधी एक ऐक. त्यांना तुझं नाव मी दिलं. कोण कोण सोबत होतं, विचारत होते. कुणीच नव्हतं. पण काहीतरी दिल्याशिवाय थांबत नव्हते. मी तुझं नाव घेतलं."

"म्हाईतंय."

"कुणी सांगितलं?"

"मी ऐकलं ना."

"ओरडत होतो मी. भिंतीपलीकडं गेलं असेल."

"मधी भिंत नव्हती रं."

फैजानने कप खाली ठेवला. खंडू त्याच्याकडे न पाहता बोलत राहिला.

"मला सकाळीच आणलं व्हतं. हजेरीत दोघांची नावं वर-खाली व्हती, त्याच्यावरनं. तू नाव घेतलंस संध्याकाळी. मी तिथंच बसलेलो. तुझ्या डोळ्यांवर पट्टी व्हती."

"मग तू तिथंच होतास तर त्यांनी मला विचारलं कशाला?"

"ते मला काय म्हाईत."

अंगणातली कोंबडी पडवीत चढली. खंडूने तिला हाकललं नाही.

"साहेब माझ्याशी चांगले बोलले. पाणी दिलं. म्हणाले, आणखी एक पिशवी ठेवलीय कुठंतरी, ह्याला ठिकाण म्हाईतंय. शाळेपाशी फुटली तर पोरं जातील. तू ह्याचा दोस्त. तू पाय धर. आमची माणसं धरतील तर मोडतील."

फैजानने पाय मांडीखाली ओढून घेतले.

"मी म्हणालो बी, साहेब, तिथं समद्यांचाच फोन बंद असतो. तर म्हणाले, मग तुझा बी बंद व्हता का? त्याच्यापुढं मी तोंड उघडलं नाय."

"तुला वाटलं का, मला ठिकाण माहीत आहे?"

खंडूने पेन खाटेवर ठेवलं.

"तवा वाटलं. तू नाय नाय म्हणत व्हतास आणि मला वाटत व्हतं, सांगून टाक की बाबा एकदाचं. पोरं डोळ्यापुढं येत व्हती. पिशवी खरी असती तर?"

"आणि पिशवी?"

"कुठली पिशवी."

फैजानने मांडीखाली घेतलेले पाय बाहेर काढले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"पाय धरलेल्या हातांना थिनरचा वास होता," तो म्हणाला. "इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्याच अंगाचा येत होता."

आतला भांड्यांचा आवाज मघाशीच थांबला होता. खंडूचंही तिकडे लक्ष गेलं. त्याने आवाज खाली आणला नाही.

"मी आलो तर हे शेजारच्या खोलीचं सांगणार नाय. व्हतं तेच सांगीन. त्यात तुझं बी निघंल, माझं बी. आणि साक्षच नको असली तर तसं सांग. फाडतो हा कागद."

फैजानने कागद त्याच्या हातातून घेतला. घडी घालायला वेळ लागला. दुसऱ्या हाताच्या मनगटाने त्याने ती दाबली.

"ही ओळ बदलून आणतो," तो म्हणाला.

तो पायरीवर आला आणि सँडलमध्ये पाय सरकवले. सकाळी पट्टे अम्मीने लावून दिले होते. कुणाच्या दारात जाताना ते सोडणं जमे, लावणं जमत नसे. तो वाकला. बक्कल बोटांतून निसटलं. त्याने पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं.

खंडू खाली उतरून त्याच्यापुढे उकिडवा बसला. हात पुढे आले आणि घोट्यापासून वीतभर अंतरावर थांबले. फैजानचा पाय आपोआप मागे खेचला गेला. खंडूने हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले आणि तसाच बसून राहिला. दारात अंजना येऊन उभी होती.

फैजानने पडवीचा खांब धरला. मग पाय पुढे केला.

"लई आवळू नको," तो म्हणाला.